एक मिनिट कुणी बोलू नका

कर्जत,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय किरण,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरशील, म्हणून आधीच सांगते. माझी तब्येत बरी आहे, आईबाबा बरे आहेत, कुणाला काही झालेलं नाही. शेलू इथून तिसरं स्टेशन, आणि बायको नवऱ्याला पोस्टाने पत्र पाठवते! तुझ्या कंपनीतल्या पोरांना कळलं तर वर्षभर चिडवतील. चिडवू देत. फोनवर माझं 'हं', 'ठीक', 'जेवले' ह्यापलीकडे गाडं जात नाही, आणि तूही 'काळजी घे' म्हणून ठेवून देतोस. म्हणून हा कागद.

परवा तू विचारलंस, घरी कधी येणार. त्याचं उत्तर ह्या पत्रात आहे. पण त्याआधी मला तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि तिथपर्यंत मी सरळ पोचू शकत नाही. थोडी लांबून येते. तेवढं सहन कर.

तर इकडची खबरबात. बाबांनी गच्चीवर वाल वाळत घातलेत आणि दिवसभर काठी घेऊन कबुतरांशी भांडतात. शाळेत पोरं हाताखाली होती, आता कबुतरं आहेत. आईने डिंकाचे लाडू केलेत. थंडीचे म्हणून ती दरवर्षीच करते. ह्या वर्षी मला डबा देताना मात्र 'थंडीचे आहेत हं' असं दोनदा म्हणाली. मी तो डबा शूटिंगच्या गाडीत नेऊन ठेवला. आमच्या जगदीशने सगळे संपवले. जगदीश म्हणजे आमचा साउंडवाला. आवाज सोडून त्याला दुसऱ्या कशात रस असलाच तर तो खाण्यात.

फिल्म संपत आली आहे. डोंगरातल्या वाड्यांमधल्या बायांना दवाखाना किती लांब पडतो, एवढाच विषय. कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे आणि खाली रस्त्याला उपकेंद्र. दोन खोल्या, एक पंखा, भिंतीवर लसीचा तक्ता. तिथली नर्स अक्षदा सिस्टर, आवाज असा की वाडीत ऐकू जावा. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "मॅडम, फोटो काय काढायचे ते काढा, पन माज्या लायनीत मधी येऊ नका." मग महिनाभर मी तिच्या लायनीच्या कडेलाच उभी होते.

मला कसं वाटतं असं तू विचारतोस. किरण, मला काही वाटत नाही. हे रुसून म्हणत नाहीये. काम चोख होतं, फोकस चुकत नाही, वेळेवर जेवते. दाताच्या डॉक्टरने सुई दिली की आपलाच गाल हाताला दुसऱ्याचा लागतो ना, तसं माझं अख्ख्या अंगाचं झालंय. तुझ्या भाषेत सांगायचं तर मशीन चालू आहे, माल निघत नाही.

आता जनाबद्दल सांगते. वाडीतलीच आहे, माझ्याहून बरीच लहान. गेल्या पावसाळ्यात तिला कळा सुरू झाल्या तेव्हा ओढ्याला पाणी होतं. नवऱ्याने आणि दिराने चादरीची झोळी करून तिला खांद्यावरून उतरवली. ओढा उतरायची वाट बघता बघता बाळ तिथेच झालं आणि उपकेंद्र दिसायला लागलं तोवर गेलं. हे सगळं तिने मला वाल सोलत सोलत सांगितलं. एकदाही थांबली नाही, आवाज हलला नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "झालं ना तुमचं? मंग मी पान्याला जाते."

ज्या संस्थेसाठी ही फिल्म करतेय तिथल्या मॅडमनी ते बघितलं आणि मला फोन केला. "बाई अगदीच कोरडी आहे गं. लोकांच्या पोटात कालवायला हवं. पुन्हा एकदा घे ना, जरा मोकळी होईल अशी." मी 'बघते' म्हटलं. फोन ठेवल्यावर मला राग आला, चांगला सणसणून. कितीतरी दिवसांनी काहीतरी आलं, म्हणून जरा वेळ मी त्या रागाजवळच बसून राहिले. जना कोरडी नाही. तिचा चेहरा मी रोज सकाळी आरशात बघते.

तरीही काल मी पुन्हा शूट घ्यायला गेले. पोटासाठी माणूस काय काय करतो.

काल लसीचा दिवस होता. जना जावेच्या बाळाला घेऊन आली होती. उपकेंद्र गच्च भरलेलं, दहा पोरं एकदम रडत होती. अशा गोंगाटात कसली मुलाखत! सिस्टर म्हणाली, "टोचून झाल्यावर या, तवर गुमान बसा." बसलो. लाइन संपली, पोरं जरा निवली, तेव्हा जगदीश म्हणाला की जना तयार होईपर्यंत खोलीचा आवाज घेऊन टाकू.

हे तुला मी कधी सांगितलेलं नाही बहुतेक. जिथे शूट करतो तिथला नुसता आवाज एक मिनिट घेऊन ठेवायचा असतो. कुणी बोलत नसताना ती खोली कशी ऐकू येते, तो. पुढे फिल्म कापताना सांधे भरायला लागतो, नाहीतर कापलेल्या जागा कानाला टोचतात. जगदीश ह्या बाबतीत देवपूजेला बसल्यासारखा कडक. त्याने हात वर केला आणि मोठ्याने म्हणाला, "एक मिनिट कुणी बोलू नका. सगळ्यांनी शांत राहायचं."

आणि किरण, सगळे उठून उभे राहिले.

पोशाबाबा म्हणून एक म्हातारे दारात बसले होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. बायांनी पदर घेतला. एकीने पोराला छातीशी लावून गप्प केलं. सिस्टरसुद्धा हातातली सुई ट्रेमध्ये ठेवून मान खाली घालून उभी राहिली. ग्रामसभेत, शाळेत कुणी गेलं की असंच करायला सांगतात ना, तेच त्यांना वाटलं. जगदीशने कानाला हेडफोन लावलेले, डोळे मिटलेले, त्याला पत्ताच नाही. मी मध्ये बोलू शकत नव्हते. मीही उभी राहिले.

पंख्याची कटकट, बाहेर एक कोंबडी, कुणाच्या तरी बाळाची उचकी. आपल्याकडे कुणीही असं उभं राहिलं नव्हतं. माणसं आली, चहा पिऊन गेली, 'अजून वय आहे' म्हणून गेली. उभं कुणी राहिलं नाही.

जगदीशने हात खाली केला. पोशाबाबांनी टोपी घातली आणि मला विचारलं, "कोन गेलं व्हतं गं, बाय?"

जगदीश हसून समजावायला लागणार होता. त्याच्या आधी मी म्हणाले, "माझी मुलगी."

मी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. आपण 'ते सगळं' म्हणतो, आई 'तेव्हाचं' म्हणते, तुझे बाबा 'झालं ते' म्हणतात. मुलगी कुणी म्हणत नाही.

मग जनाने जावेचं बाळ ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि सरळ विचारलं, "कुठं ठेवलीत?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"म्हंजी? नवऱ्याला इचारलं नाय?"

"नाही."

"आमचा त्या ऐनाच्या झाडाखाली हाय," ती म्हणाली, "पान्याला जाते तवा दिसतो." आणि हाताने दारातून वरची बाजू दाखवली, जसं आपण पाहुण्यांना आपलं घर दाखवतो.

मुलाखत मी पुन्हा घेतली नाही. मॅडमना आज कळवलं, जना आहे तशीच राहील, नको असेल तर फिल्म दुसऱ्या कुणाकडून पुरी करून घ्या. त्या अजून काही बोललेल्या नाहीत. बघू.

परतताना गाडीत जगदीशने मला हेडफोन दिले. मिनिट संपल्यावरही त्याचं मशीन चालूच राहिलं होतं. म्हणाला, "पुढचं कापू का?" मी म्हटलं, राहू दे. तो आवाज मी परत परत ऐकला. त्यातला 'माझी मुलगी' म्हणणारा आवाज माझाच आहे, नीट ओळखू आला.

आता विचारते.

गणपतीच्या आधी, त्या दिवशी हॉस्पिटलात मी जागी झाले तेव्हा ती तिथे नव्हती. मुलगी होती, एवढं नर्सने सांगितलं. तू आणि तुझे बाबा संध्याकाळी आलात. तुझ्या नखांत माती होती. मी पाहिली आणि मी पाहिलं हे बघून तू हात पाठीमागे घेतलास. तुझ्या आई माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "जागा इचारू नको गं, पोरी. आईला ठावं झालं की जीव तितंच घोटाळतो. इसर, म्हंजी पुना कूस भरंल." मला राग आला नाही. त्यांच्या सासूने त्यांना हेच सांगितलं असणार. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस, आणि आपण दोघं शहाण्यासारखे वागलो. मला ती हवी होती, किरण. अजून हवी आहे. हे मी शहाणपणाच्या नादात कुणालाच सांगितलं नाही, तुलासुद्धा नाही.

पण मी आंधळी नाही. पाऊस थांबल्यापासून तू दर रविवारी आपल्या किचनमधली मोठी कॅन पाण्याने भरतोस, बाइकला दोरीने बांधतोस आणि 'शेतावर जाऊन येतो' म्हणून गावी लोधिवलीला जातोस. मी खिडकीतून बघायचे. तुमच्या शेतावर विहीर आहे. तिथल्या घरात नळ आहे. विहिरीच्या गावाला पाणी घेऊन कोण जातं? म्हणजे ती शेतात नाही. कुठेतरी वर आहे, माळावर, जिथे पाणी नाही. आणि तिथे तू काहीतरी लावलं आहेस.

ह्याचा अर्थ तू इतके दिवस एकटा जात होतास. आणि घरी येऊन मला विचारत होतास, जेवलीस का. मी तुला थंड म्हणायचे मनातल्या मनात. तूही मला म्हणत असशील.

जागा पत्रात लिहून पाठवू नकोस. फोनवरही सांगू नकोस. येत्या रविवारी सकाळी मी कर्जतहून चौक गावाच्या गाडीत बसते आणि लोधिवलीच्या फाट्यावर उतरते. तुझ्या आईंना काय सांगायचं ते मी बघीन, त्यांच्यावर चिडू नकोस. तू नुसता पुढे चाल, मी मागून येते. तिथे पोचलो की आपण दोघं उभे राहू. एक मिनिट.

मग घरी जाऊ, शेलूला.

ह्या वेळी कॅन तू भरू नकोस. पाणी मी आणते.

तिची आई,
तनया