पाचव्या देशाचा प्रश्न

नेपरव्हिल, जानेवारी २००६, शनिवार संध्याकाळ

माझ्या स्वयंपाकघरात मोबाइलला रेंज नाही, याची इतिहासानं नोंद घ्यावी. लँडलाइन नवऱ्यानं, श्रीधरनं, तत्त्व म्हणून कॅन्सल केली, त्यामुळे त्याच्याशी बोलायला मी घरामागच्या डेकवर, बर्फात. आणि हाच नवरा आफ्रिकेत मोबाइलचे टॉवर उभारतो. त्याच्या कंपनीनं आधी युगांडा घेतला, मग केनिया, टांझानिया, रवांडा. शेजारच्या देशात जाणं म्हणजे यांना शेजारणीकडे विरजण मागायला जाण्यासारखं.

सकाळी त्याचा फोन आला. "बुरुंडीचं लायसन्स मिळालं. आणखी दोन वर्षं. जाऊ ना?"

"जा की. नकाशा संपला की ये घरी."

तो हसला.

दिवसभर तेच डोक्यात. जाऊ ना? प्रत्येक देशाच्या वेळी त्यानं हेच विचारलं आणि मी विनोद केला. तो त्याला होकार समजला. समजणारच. की मलाही तेच बरं वाटत होतं?

जेवताना रियानं, आमच्या कॉलेजकन्येनं, पोळी मोडता मोडता विचारलं, "आई, डू यू इव्हन वॉन्ट हिम बॅक?"

हातातला घास ताटात ठेवून मी उठले.

कोट चढवून बाहेर गेले, फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटलेली. तो दचकून उठला. "काय झालं?"

"काही नाही. या वेळी जाऊ नकोस. तू मला इथे हवा आहेस."

चार देशांपासून राहिलेलं उत्तर होतं, ते दिलं. पुढे एक बरा विनोद सुचला होता. तो केला नाही.