निराधार हा शब्द

अक्का,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असोद्याच्या जेवणघरात शिरताना मी चप्पल अजून त्याच कोपऱ्यात काढते. म्हाताऱ्या माणसांना दुपारचं ताट मिळतंय, चूल बंद पडलेली नाही. पण तुम्ही आज आत आलात तर मला तोंड लपवायला जागा सापडायची नाही.

मी नुकती तुमच्या हाताखाली आले होते. एक आजोबा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी भरितात कुस्करून खात होते आणि मी आपली कौतुकानं बघत उभी. तुम्ही पळी उगारलीत. "काय पाह्यते व पोरी? खानाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये. त्याले घास मोजल्यासारखे वाटते." वाढून झालं की तुम्ही स्वतः चुलीकडे तोंड करून बसायचात. आणि आलेल्या प्रत्येकाला आधी काहीतरी काम द्यायचात, लसूण सोला, डाळ निवडा. मला तेव्हा वाटायचं, म्हाताऱ्यांना कशाला राबवायचं? घरी "जेवायला जाते" म्हणावं लागू नये, "कामाला जाते" म्हणता यावं, यासाठी ते होतं, हे कळायला मला फार वेळ लागला.

सुगीनंतर ज्वारीचं पोतं आणून टाकणारे आता राहिले नाहीत. त्यांची मुलं पुण्याला, त्यांना आपलं जेवणघर ठाऊकही नाही. म्हणून जळगावला एका शिबिराला गेले. संस्थांनी फेसबुक, इन्स्टाग्राम कसं वापरावं, ते शिकवत होते. मी तोवर घासलेल्या पातेल्यांचे, भरिताचे फोटो टाकायची. लाइक करणारे आपलेच, तेही मी फोन करून सांगितल्यावर. शिकवणारा मुलगा हुशार होता. म्हणाला, "ताई, पातेल्याला कोण पैसे देतं? चेहरा दाखवा. एकाच माणसाची गोष्ट सांगा." खरं सांगू, मला ते पटलं.

आपल्याकडे लसूण सोलायला येणारी एक माय आहे. मुलगा चाळीसगावला, वर्षानुवर्षं फिरकत नाही, पण ती सगळ्यांना सांगते, पोरगा पैसे धाडतो, मी इथं हात चालवायला येते. तिला विचारलं, व्हिडिओ काढू का? "काढ व माय, मले काय समजते त्यातले." याला मी परवानगी समजले. ती जेवत होती, डोळ्यांत पाणी होतं. ते मिरचीचं होतं, अक्का, मला माहीत होतं. खाली लिहिलं, 'निराधार आजीला दोन घास'. दोन दिवसांत तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. पुण्याहून, परदेशातून लोक पैसे पाठवू लागले. कोठी भरली.

आणि तो चाळीसगावच्या सोयऱ्यांच्या ग्रुपवरही गेला. मुलगा इतक्या वर्षांनी आला तो भांडायला. भर गल्लीत आईला म्हणाला, "मी मेलो का?" आणि आल्या पावली निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून माय आली नाही. मी डबा घेऊन गेले. तिनं दार अर्धंच उघडलं. "जेवली मी," म्हणाली. आतली चूल थंड होती, मला दिसत होतं. मग म्हणाली, "माहा पोरगा जित्ता हाये. तू त्याले जित्तेपनी मारलं व." मी निराधार हा शब्द सहज लिहिला होता, अर्जावर लिहितात तसा. तिच्या गल्लीत त्याचा अर्थ एवढाच होतो, की हिचं कोणी उरलं नाही. मी डबा उंबऱ्यावर ठेवला. सकाळी तो तसाच, न उघडलेला, आपल्या दारात होता.

आता रोज जाते. ती दार उघडत नाही. शेजारीण सांगते, फार वाळली. तिच्या मुलाला फोन केला, त्यानं माझा नंबर ब्लॉक करून टाकला. यातून काही नीट होईल असं मला वाटत नाही. तुम्ही असतात तर काय केलं असतंत, हेही सुचत नाही, कारण तुम्ही मुळात बघितलंच नसतंत.

हे पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवीन, दुसरीकडे कुठे धाडणार? एक मात्र सांगायचं राहिलं. बंद दाराबाहेर उभी राहून मी मायला शपथेवर सांगितलं, की तो व्हिडिओ काढून टाकला. तो मी अजून काढून टाकलेला नाही.