मान डोलावणं

शनिवार, वोल्फ्सबुर्ग, जर्मनी

मुलींच्या अमेरिकन फुटबॉलच्या ट्रेनरने आज विचारलं, "उद्याच्या मॅचला क्वार्टरबॅक कोण, लेना की इरा? व्हिडिओ तूच काढतोस, तूच सांग." इरा माझी मुलगी. बापाला असं विचारतात? इथे विचारतात!

आल्झो, म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग', प्रामाणिकपणे. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारी; आत्तापर्यंत लेना पहिली, इरा राखीव. लेना लांब फेकते. इराचा हात तेवढा जोरकस नाही, पण मोकळी खेळाडू तिला आधी दिसते. माझ्यातला इंजिनिअर इरालाच निवडेल. मग तिच्या हातून चेंडू उशिरा का सुटतो?

संध्याकाळी व्हिडिओ अगदी सावकाश करून पाहिला. फेकण्याआधी ती दर वेळी क्षणभर कॅमेऱ्याकडे बघते. कॅमेऱ्यात काय आहे एवढं बघण्यासारखं?

बायकोला, मेधाला दाखवलं. ती चहाचा कप धरून हसायलाच लागली. "अरे, कॅमेऱ्याकडे नाही, तुझ्याकडे. तू मान डोलावलीस की मग फेकते. घरी तसंच नाही का? आइस्क्रीम घेतानासुद्धा आधी बाबांकडे बघते."

मी मान डोलावतो? मला खरंच माहीत नव्हतं.

लेनाचे बाबा मॅच बघतच नाहीत. ते मागे सॉसेज भाजत असतात, स्कोअरही त्यांना शेवटी कळतो. मी त्यांना मनातल्या मनात नावं ठेवायचो.

ट्रेनरला कळवलं, इराला खेळव. कॅमेरा मेधा धरेल.

मी उद्या सॉसेज भाजणार, मैदानाकडे पाठ करून. मान हलेलच. हलू दे, तिला दिसणार नाही.