भाकरीच्या कडा

आष्टी. मंगळवार, दिवेलागण.

महाराजांच्या पुण्यतिथीला आज गावच्या मठात मला स्टेजवर बसवलं. आई-बाप ऊसतोडीला गेले की लहानपणी मी मठातच राहायचे, म्हणून. सरपंच माईकवर म्हणाले, "लई नशिबाची हाय ही! महाराजांच्या ताटातला प्रसाद रोज हिलाच."

प्रसाद कसला! महाराजांचे दात हलायचे. ते भाकरीचा मऊ मधला भाग खायचे, वाळक्या कडा ताटात सोडायचे. तेच माझं जेवण. आणखी मागितलं की स्वयंपाकीणबाई डाफरायची, "प्रसादानं पोट भरंना व्हय गं तुजं?"

तरी आज मी हसून मान डोलावली. कावून? कशासाठी?

घरी येऊन भाकरी केली. मधलीच खाल्ली. कडा कुत्र्याला टाकल्या. टाकण्याआधी कपाळाला लावल्या.