माझी मी केलेली जट

२ ऑगस्ट १९९३, सोमवार
आजपासून नवीन त्रिंबक. वाळूजच्या कंपनीत आम्ही तीनशे माणसं, सगळ्यांचा भांग एकसारखा. मी टर्नर, अजून टेंपररी, पण दिसायला तरी वेगळा पाहिजे. काल वेरूळला एक परदेशी टुरिस्ट भेटला. डोक्यावर दोरखंडासारख्या केसांच्या लडी. ड्रेडलॉक म्हणतात. पाऊण तास बसून त्यानं सगळं शिकवलं. केसांचे चौकोनी भाग पाडायचे. एकेक बट कंगव्यानं उलटी विंचरायची, मग तळहातात वळायची. तेल बंद. साबणानं धुऊन उन्हात वाळवायचं. सहा महिन्यांत पक्कं. माझे केस खांद्यापर्यंत आहेतच. म्हणजे अर्धं काम झालेलं आहे.

८ ऑगस्ट, रविवार
पन्नास भाग ठरवले होते. अकरा झाले. दंड भरून आले. मागचं दिसत नाही. मागची बाजू निसर्गावर सोडली.

२९ ऑगस्ट, रविवार
आमच्या पडेगावात आठ दिवस ऊन नाही. केस वाळत नाहीत. वडील, म्हणजे बापू, मेंढरं घेऊन आले, दारात थांबले, म्हणाले, "भिजल्या मेंढीचा वास येतोय. पण मेंढरं तर समदी भायेर हायेत." बापूंचा मेंढरांवर फार जीव. मी हे कौतुक समजतो.

१४ सप्टेंबर, मंगळवार
सारजाआत्या फुलंब्रीहून आली. मला बघितलं आणि पिशवी खाली टाकून थेट माझ्या पाया पडली. आईला हाक मारली, "गोजरे, पोराला जट आली! देवी आली घरात!" मी म्हटलं, आत्या, हे मी केलंय, कंगव्यानं. म्हणाली, "देवीच करून घेती, बाबा. माणसाला वाटतं आपण केलं." आई आधी रडली, मग तिनं दिवा लावला. डोक्यात हळद भरली. आता याला लोखंड लागायचं नाही, असा आत्याचा हुकूम.
दोन दिवसांत विसरतील.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार
विसरले नाहीत. मंगळवारी, शुक्रवारी बायका येतात. किल्लारीच्या भूकंपापासून सगळे घाबरलेत, आंगणात झोपतात. एकीनं विचारलं, "आपल्याकडं बी जमीन हालंल का?" मी म्हटलं, नाही हलणार. एवढं कुणीही म्हणालं असतं. पण माझ्याकडून ऐकून त्या लेकरं घेऊन घरात झोपायला गेल्या. आता यांना खरं कसं सांगायचं? माझ्या मौनामागं समाजसेवा आहे.

८ नोव्हेंबर, सोमवार
आमचे सुपरवायझर नानासाहेब. मला लेथवरून बाजूला घेतलं. टोपीत केस मावत नाहीत, एक लड जरी फिरत्या चकमध्ये गेली तर मुंडकं जाईल म्हणाले. "मशीनला देवी कळत नाय, त्रिंबक." परमनंटचा इंटरव्ह्यू १७ जानेवारीला. तोवर कापून यायचं, नाहीतर यायचं नाही. सध्या पॅकिंगला टाकलं. पॅकिंगला उजेड चांगला आहे.

१४ नोव्हेंबर, रविवार
निर्णय पक्का. कापायचं. उस्मानपुऱ्यात भिकनकडं गेलो. त्यानं फडकं झटकलं, माझ्या डोक्याकडं बघितलं, कात्री खाली ठेवली, हात जोडले. "लेकरंबाळं हायेत मला." क्रांती चौकातला एकजण तयार झाला, पण शेजारच्या खुर्चीत तोंडाला साबण लावून आमच्या गल्लीतला सांडू बसलेला. मी किती वाजले विचारून बाहेर आलो.

५ डिसेंबर, रविवार
मान दुखते. उवा झाल्यात. खाजवलं की बायका हात जोडतात. चिकन बंद, अंडं बंद, सिनेमा बंद. दौलताबादचं स्थळ परत गेलं: देवाच्या माणसाला पोरगी कशी द्यायची? घराबाहेर पडलं की मागं चार माणसं. पॅकिंगला माझ्यासोबत फकिरा असतो. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत त्याचं गावातलं घर जळालं, तेव्हापासून घरचे सगळे इथं शहरात. तो म्हणाला, "घरी कात्री नाय का? तूच काप." मी म्हटलं, मागून वाकडं होईल. तो पुढच्या खोक्याला पट्टी मारायला लागला.

४ जानेवारी १९९४, मंगळवार
आज सखूबाई आली. पन्नाशीची, पडेगावचीच. तिची जट कमरेपर्यंत, धोंड्यासारखी जड. तेराव्या वर्षी केसांत गुंता झाला आणि घरच्यांनी तिला देवीला सोडलं. लग्न नाही, काही नाही. सगळे गेल्यावर ती मागं थांबली. हळूच म्हणाली, "खरं सांग. तुझी तू केली?" का कोण जाणे, मी हो म्हटलं. कंगवा, साबण, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी नुसता गुंताच व्हय?" आणि मानेमागं हात लावून बसून राहिली. कुशीवर झोपून किती वर्षं झाली, तिला आठवत नव्हतं.

१४ जानेवारी, शुक्रवार
विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. रस्त्यावर पोलीसच पोलीस. फकिरानं गेटवरच पेढा हातावर ठेवला. मग म्हणाला, "सोळा वर्षं, त्रिंबक. एका नावासाठी माणसं मेली आमची. अन् तुला तुझ्याच केसांना केस म्हनता येत नाय?"
रविवारी सगळ्यांसमोर सांगणार. भाषणाचे मुद्दे काढले आहेत.

१६ जानेवारी, रविवार
ओट्यावर उभा राहिलो. साठ-सत्तर माणसं. म्हटलं, ही जट नाही, हे मी हातानं केलंय. मग आत्या म्हणाली, "देवी परीक्षा बघायली!" आणि सगळे पुन्हा पाया पडायला लागले.
तेवढ्यात सखूबाई पुढं आली. बापूंना म्हणाली, "कडुबा, मेंढरं कातरायची कातर दे." बापू आत गेले, कातर आणून तिच्या हातात दिली. तिनं स्वतःच आपली जट मुळाशी धरली आणि कातर चालवली. करकर आवाज. जट जमिनीवर पडली तसा धप्प आवाज झाला. तिनं मान इकडं वळवली, तिकडं वळवली. आणि हसली. तिला हसताना कुणी पाहिलंच नव्हतं.
मग कातर माझ्यासमोर धरली. "घे. आता तू."
आत्या बघत होती. आई पदर तोंडाशी धरून. मनात आलं, आणि खरंच देवी असली तर?
एवढ्या लोकांत मी पण कापलं असतं तर सखूबाईकडं कुणाचं लक्ष राहिलं नसतं. मी मोठ्या मनानं मागं सरलो. बापूंनी तिच्या हातून कातर घेतली आणि माझ्याकडं न बघता आत गेले.

१७ जानेवारी, सोमवार
इंटरव्ह्यू दोन मिनिटांत उरकला. नानासाहेबांनी माझ्या डोक्याकडं बघितलं आणि पुढच्याला हाक मारली. फकिरा परमनंट झाला. आनंद आहे. स्वतंत्र माणसाला नोकरी तशीही मानवत नाही.

१८ जानेवारी, मंगळवार
आंघोळ केली, हळद लावली, ओट्यावर बसलो. दुपारपर्यंत कुणी नाही. चारच्या सुमारास दोन बायका आल्या, दोघींच्या डोक्यात जट. मी सरळ बसलो, आशीर्वादाला हात वर केला.
म्हणाल्या, "दादा, त्या सखूबाईचं घर कुठलं?"