हबवरचा लाल दिवा

१६ ऑक्टोबर १९९९, शनिवार
पुण्याहून यूएसबी हब आणला. छोटी डबी, पण एका भोकाची चार भोकं करते. आता माऊस, कॅमेरा आणि नवा स्कॅनर, सगळं एकदम! अख्ख्या पलुसात हब असलेला ‘वीर कॉम्प्युटर्स’ हा पहिलाच क्लास असावा. असावा कसला, आहेच.
खोक्यात एक वायरवाला काळा ठोकळाही निघाला. भिंतीच्या सॉकेटात खोचायचा. गरज दिसत नाही. ठोकळ्याशिवायच हबवर दिवा लागतो, तोही लाल, कलेक्टरच्या गाडीवर असतो तसा.
माहितीपुस्तक उद्या वाचणार.

१८ ऑक्टोबर, खंडेनवमी
वडिलांनी, म्हणजे आप्पासोंनी, हत्यारं पुजायला मांडली. कुकरी, कोयता, विळा, खुरपं. मी हब आणि ठोकळा नेऊन ठेवला. आप्पासो म्हणाले, ह्ये कसलं हत्यार रं? मी म्हणालो, एकविसाव्या शतकाचं. त्यांनी मान हलवली आणि दोन्हीला हळदकुंकू लावलं.
माहितीपुस्तक: सणामुळे नाही.

१९ ऑक्टोबर, दसरा
हब उचलून आणला. ठोकळा तिथेच राहिला. आमच्या घरात उरलेली हत्यारं तांबड्या फडक्यात बांधून आप्पासोंच्या पलटणीतल्या ट्रंकेत जातात आणि ट्रंक पुढच्या खंडेनवमीलाच उघडते. किल्ली त्यांच्या करगोट्याला. ठोकळा गेला त्यात. जाऊ दे, शोभेचाच होता.

२१ ऑक्टोबर, दुपार
स्कॅनर हबला लावला. कुर्र केलं आणि गप. कॅमेराही गेला. माऊस तेवढा जिवंत. पलुसाची लाईट! व्होल्टेजच्या नावाने बोंब.
नीलिमा मॅडमनी विचारलं, सर, ह्याबरोबर अडॅप्टर आला होता का? ह्या चार महिने माझ्याकडे शिकवतात. हायस्कूलचं काम मिळालं की तिथे कॉम्प्युटर शिकवायला ह्यांनाच कायम लावायचं, असं मी कबूल केलंय. घरी आई एकटी, बाईंना नोकरीची फार गरज.
मी म्हणालो, ह्या मॉडेलला अडॅप्टर नसतोच.
असं का म्हणालो? आप्पासोंना ट्रंक उघडा म्हणायचं होतं की काय मी? गेल्या वर्षी नुसता विळा मागितला, तर पलटणीतलं हिंदी ऐकावं लागलं होतं. शिवाय मॅडमपुढे चूक कबूल करायची म्हणजे क्लासची इज्जत गेली.

२३ ऑक्टोबर
सांगलीहून स्टॅबिलायझर आणला. फरक नाही. कॉम्प्युटरचं तोंड पूर्वेला केलं. फरक नाही.
मॅडम म्हणाल्या, स्कॅनर हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला लावून बघू का? मी म्हणालो, हब कशाला घेतलाय मग?
माहितीपुस्तक उशाशी घेतलंय.

२७ ऑक्टोबर, संध्याकाळ
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.
शाळेचं काम द्यायच्या आधी क्लास बघायला हायस्कूलचे हेडसर लालासाहेब आणि कमिटीचे चौघे आले. आप्पासो कोट घालून पहिल्या खुर्चीत. मी भाषण केलं. मग हेडसरांचा फोटो स्कॅनरवर ठेवला. कुर्र. पडद्यावर फेटा आला, कपाळ आलं, भुवया आल्या आणि सगळं बंद. पुन्हा केलं. पुन्हा भुवयांपर्यंतच.
हेडसर म्हणाले, पुढं न्हाई का येत तोंड?
सगळे हसले. आप्पासो हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. आणि माझ्या तोंडून गेलं, मॅडमनी काल काहीतरी सेटिंग बदललं, तेव्हापासून बिघडलंय.
मॅडमनी पदर सारखा केला, हजेरीपुस्तक मिटलं, उभ्या राहिल्या. हेडसर म्हणाले, अशी माणसं ठेवत जाऊ नका वो.
ऐनवेळी माणसाला काहीतरी बोलावंच लागतं. उद्या त्यांना समजावून सांगेन.

२८ ऑक्टोबर
मॅडम आल्या नाहीत.

३० ऑक्टोबर
आल्या नाहीत. ताप असेल.
माहितीपुस्तक वाचलं. एकच पान पुरलं. हिरवा दिवा: ठीक. लाल दिवा: पॉवर कमी पडतेय, अडॅप्टर लावा.
लाल! मी आल्यागेल्याला तो दिवा कौतुकाने दाखवत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३ नोव्हेंबर, बुधवार
आप्पासोंना सगळं सांगितलं. वाटलं होतं हिंदी सुरू होईल. पण त्यांनी करगोट्याची किल्ली काढून ट्रंक उघडली, फडकं सोडलं, ठोकळा हातात दिला. मग एवढंच विचारलं, त्या पोरीवर का ढकललंस?
ठोकळा लावला. दिवा हिरवा. स्कॅनर धावला, कॅमेरा लागला. हेडसरांचं तोंड हनुवटीसकट आलं. बघायला मी एकटा.

५ नोव्हेंबर
मॅडमच्या घरी गेलो. त्यांच्या आईने, धोंडुबाईंनी, चहा दिला. माफी मागायची चार वाक्यं पाठ केली होती. तोंडातून निघालं, फॉल्ट सापडला.
मॅडम म्हणाल्या, अडॅप्टर ना? खोक्यावर चित्र आहे सर त्याचं. मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं.
मी विचारलं, मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला का नाहीत? म्हणाल्या, तुमचे वडील समोर बसले होते.
कप खाली ठेवला. मग मात्र माफी मागितली, अडखळत. त्या म्हणाल्या, मला नका सांगू, हेडसरांना सांगा. गावात माझंच नाव झालंय, दुसरे क्लासवालेही नको म्हणतात.
उद्या दहाला शाळेत जाणार. नक्की.

६ नोव्हेंबर
शाळेला दिवाळीची सुट्टी. हुश्श झालं. मग त्या हुश्शचीच लाज वाटली.

२२ नोव्हेंबर, सोमवार
शाळा उघडली. गेलो. हेडसरांना म्हणालो, त्या दिवशीची चूक नीलिमा मॅडमची नव्हती. ते म्हणाले, कोण? ती मशीन बिघडवणारी बाई व्हय?
मी म्हणालो, बिघडवलं मी. अडॅप्टर माझ्या घरी ट्रंकेत होता. खोटंही मीच बोललो.
ते हसले. कमिटीच्या माणसाला हाक मारून म्हणाले, बघा, माणूस असावा तर असा. नोकराची चूक अंगावर घ्यायला आलाय! लय मोठं मन हाय गड्या तुमचं. शाळेचं काम तुम्हालाच. फक्त ती बाई नको.
मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पाठ थोपटली.
तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात चहा आला. मी प्यालो.