दोरी ओढली की पिशवी

सोम. ३ नोव्हेंबर
काल तेजलचा चौथा वाढदिवस. मी खंडाळ्याला, हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर. रविवारची गर्दी, त्यात रजा मिळाली नसती. मागितली नव्हती, पण मिळाली नसतीच. व्हिडिओ कॉलवर केक कापायचं ठरलेलं. ती सुरी धरून तयार, तेवढ्यात ठाण्याचा ग्रुप आला. फोन डेस्कवर उपडा ठेवला. पुन्हा उचलला तेव्हा केक कापून झाला होता आणि स्क्रीनवर आमच्या लोणावळ्याच्या घराचं छत दिसत होतं.

माझ्या बायकोने, यशोधराने, त्यासाठी ड्युटीवरून रजा घेतली होती.

भरपाई करणार. विकतचं काही नाही, स्वतःच्या हाताने शिवलेली खेळायची चटई. गोल. कडेच्या नेफ्यात दोरी. पसरली की चटई, दोरी ओढली की पिशवी, खेळणी सगळी आत. शनिवार-रविवार आमच्या दोघांच्या ड्युट्या असतात, तेव्हा तेजल इंदुरीला माझ्या आईकडे असते. चटई तिच्याबरोबर जाईल. म्हणजे एका अर्थी मीच जाईन.

यूट्यूबवर बघितलं. सोपं आहे.

बुध. ५ नोव्हेंबर
वीकली ऑफ. निळं कापड, फेल्टचे तुकडे, जाड नाडी आणली. दुकानदाराने विचारलं, शिवणार कोण. मीच म्हटल्यावर म्हणाला, मग अर्धा मीटर जास्त घ्या. त्याला काय माहीत. हॉटेलात टॉवेलचे हंस करायला नव्या पोरांना मी शिकवतो. कापड माझं ऐकतं.

दुपारी तेजलने भातुकली मांडली आणि मला पाहुणा व्हायला सांगितलं. मी कापड बेतत होतो. बाबा सरप्राइज करतोय म्हणून तिला बाहेर काढलं आणि दार लोटलं. घरात कात्री उघडी होती. सेफ्टी फर्स्ट.

दाराबाहेरून बराच वेळ पाहुण्याचं स्वागत ऐकू येत होतं. पाहुणा कुणीच नव्हता. जरा कसंतरी झालं. पण चटई झाली की रोजच खेळायचंय.

रवि. ९ नोव्हेंबर
डेस्कमागे बसून फेल्टचा डोंगर आणि बोगदा कापला. एका गेस्टच्या मुलाने बेडूक छान झालाय म्हणून सांगितलं. बोगदाच आहे तो.

बुध. १२ नोव्हेंबर
शेजारच्या शालूबाई साड्यांना फॉल-पिको करतात. त्यांचं मशीन मागून आणलं. त्या म्हणाल्या, कापड ठेवून जा, संध्याकाळपर्यंत करून देते. नको म्हटलं. बापाचा हात लागायला हवा.

सुई मोडली. दुसरी घातली. तेजल कप घेऊन आली, चहा घ्या म्हणाली. मी मान वर केली नाही. कपात खरंच पाणी होतं. ते बरोब्बर निळ्या कापडावर सांडलं. ओरडलो. फार नाही, पण शालूबाईंनी खिडकीतून बघितलं, म्हणजे ऐकू गेलं असणार.

पाण्याचा डाग वाळला की जातो, हे मागाहून सुचलं. तोवर ती झोपली होती. झोपेत हुंदका देत होती की सर्दी होती, कळलं नाही. सर्दीच असावी. हवा बदललीय.

रवि. १६ नोव्हेंबर, दुपार
आयुष्यात पहिल्यांदा रविवारची रजा मागितली. लगेच मिळाली. जरा अपमानच वाटला.

बाबा घरी आहे हे कळल्यावर तेजल पलंगावर उड्या मारायला लागली. पण फिनिशिंगला एकाग्रता लागते. शेवटी नेहमीसारखं तिला इंदुरीला पाठवलं. यशोधरा तळेगावला हॉस्पिटलमध्ये ड्युटीला जाताना तिला सोडते. तिच्या बुटाची पट्टी लावता लावता यशोधराने विचारलं, रजा कुणासाठी घेतलीस? मी म्हटलं, तेजलसाठीच. ती पट्टी लावत राहिली.

तीनला चटई पूर्ण. नेफा अखंड, कुठे टाका चुकलेला नाही. मग दोरी ओढायला गेलो. दोरी आत. दोन्ही टोकं आत. बाहेर काढायला भोक ठेवलंच नव्हतं. कात्रीने बारीकसा छेद दिला, त्यात दोरीही कापली गेली.

हरकत नाही. गुंडाळून नेता येते. उलट पिशवीपेक्षा हेच सुटसुटीत.

आत्ताच इंदुरीला घेऊन निघतोय. दार उघडून बघेल तो चेहरा मला पाहायचाय.

सोम. १७ नोव्हेंबर
काल इंदुरीला पोचलो तर आधी आईने चटई चाचपली. म्हणाली, “लय जाड झालीया. शेंगा वाळत घालाया बरी.”

तेजलने ती अंगणात पसरली. शेजारच्या समर्थने गाडी चालवून बघितली. फेल्टवर चालेना. मग तेजल चटईच्या पार कडेला गेली, सगळ्यांकडे पाठ करून बसली आणि खाली मान घालून हात हलवायला लागली. समर्थने खेळायला बोलावलं तर वळून न बघता म्हणाली, “आत्ता नको. काम चालूय.”

मी विचारलं, हा कुठला खेळ.

“बाबा-बाबा.”

मी म्हटलं, मलाही घे. तिने विचार केला.

“मग तू तेजल हो. तिकडं बस.”

पायरीवर बसलो. थोड्या वेळाने विचारलं, “बाबा, आता येऊ का?”

“नंतर.”

ठरवलं, ती बोलवेपर्यंत उठायचं नाही. ऊन अंगणातून निघून गेलं. समर्थ घरी गेला. आईने जेवायला हाक मारली, तशी ती उठली आणि माझ्या शेजारून आत गेली. मला वाटलं, खेळ संपला.

आतून तिचा आवाज आला, “आजी, तेजलला वाढ. बाबाला यायला उशीर होईल.”

मी जेवून घेतलं.